आपणहून

आमची गिरणी शिवाजी पेठेत, बोळाच्या तोंडाला होती आणि घर तिच्या पाठीमागं. पुढच्या खोलीत गिरणी, मधे लहानसं अंगण, मग स्वयंपाकघर आणि आतली एक खोली. त्यामुळं घरात असलं तरी माणूस गिरणीतच असायचा. सकाळी आबांनी कळ दाबली की आधी मोटार घुमायची, मग पट्टा फटक फटक करत वेग घ्यायचा, आणि एकदा दगड फिरायला लागले की मांडणीवरच्या वाट्यासुद्धा बारीक थरथरायच्या. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागायचं. आई ओरडायची, आबा ओरडायचे, माझी थोरली बहीण अक्का तर सगळ्यांच्या वर ओरडायची. मला ते कधी जमलं नाही. मी हातानं सांगायची. अंगठ्यावर बोट घासलं की दळण बारीक, मूठ उघडमीट केली की जाड, दोन बोटं डोळ्यांपुढं हलवली की चाळून घ्या. गिऱ्हाईक बायकांनाही त्याची सवय झाली होती. नवीन कुणी आली तर जुनी तिला सांगायची, ही पोरगी मुकी न्हाय बरं, फक्त बोलत न्हाय.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. आईच्या कमरेचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं आणि अक्का शाळेत हुशार होती, म्हणून घरी राहायचं ते मी, असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी रडले नाही एवढं आठवतं. वाचायची गोडी मात्र राहिली. आबांना अक्षरओळख जेमतेम. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की तो उचलून, उलटा करून, छिन्नीनं त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे बारीक खाचा पाडाव्या लागतात. त्या दिवशी दुपारभर गिरणी बंद असायची. आबा मांडी घालून ठक ठक करत दगडावर वाकायचे आणि मी समोर पोत्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. ओरडावं लागायचं नाही, म्हणून मला टाकीचा दिवस फार आवडायचा. आई गरम पिठाच्या भाकरी आणि लसणाची चटणी आणून ठेवायची. भाकरीवर आबांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटायचे. आज माझ्या घरी पाकिटातलं पीठ येतं. त्याला वास असतो, पण तो कशाचा ते मला सांगता येत नाही.

अशाच एका टाकीच्या दिवशी तो शब्द आला. आदल्या दिवशी शहर बंद होतं. कशासाठी ते आता आठवत नाही, तेव्हा बंद बरेच व्हायचे. तालमीची पोरं मोटारसायकलवरून बोळात आली होती आणि गिरणीच्या दारात गाडी न थांबवताच एकजण म्हणाला होता, "आबा, पट्टा उतरवा." आबांनी पट्टा उतरवला. दळणाचे डबे तसेच रांगेत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्याच पानावर होतं, बंदला शहरात उत्स्फूर्त प्रतिसाद. मला ते जोडाक्षर फोडायला वेळ लागला. त, मग स, मग फ. तिसऱ्या वेळी जमलं. आबांनी टाकी थांबवून विचारलं, म्हंजे काय गं? मला कुठलं माहीत. समोरच्या बोळातले निवृत्त मास्तर तेवढ्यात गहू घेऊन आले होते, त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी भाग पाडलं म्हणून नव्हे, आपल्या मनानं आतून जे येतं ते उत्स्फूर्त. आबांनी छिन्नी खाली ठेवली.

"मग माझा पट्टा काय आतनं उतरला व्हय, मास्तर?"

मास्तर हसले. पेपरात तसंच लिहायची पद्धत हाय म्हणाले. मग मला समजावं म्हणून त्यांनी उदाहरण दिलं. शिंक येते ती उत्स्फूर्त. लहान मूल झोपेत हसतं ते उत्स्फूर्त. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिले. शिंक आली तर कळतं. पण रडू? अक्का सासरी निघाली तेव्हा आत्ती, म्हणजे आबांची थोरली बहीण, माझ्या पाठीत हळूच कोपर मारून म्हणाली होती, रड की गं. मी रडले. ते रडू खरं होतं. पण कोपर बसायच्या आधी ते कुठं होतं, हे मला कळेना. मग मी घरातली एकेक गोष्ट धरून बघायला लागले. आई रोज पहिली भाकरी बाजूला काढून ठेवते, ती मनानं की सवयीनं? पुढं कितीतरी वर्षं पेपरात तो शब्द दिसला की मी थांबायची. उत्स्फूर्त स्वागत, उत्स्फूर्त गर्दी, उत्स्फूर्त श्रद्धांजली. दर वेळी मला वाटायचं, यांना कुणी तरी येऊन सांगितलं असणार.

अक्काला हुपरीला दिलं होतं. तिकडं घरोघरी चांदीचं काम चालतं, तसं तिच्या सासरीही होतं. माडीवर चार-पाच माणसं मांडी घालून बसायची आणि पैंजणं तयार व्हायची. अक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, डाख द्यायच्या, म्हणजे नळीनं ज्योत फुंकून चांदीचे सांधे जोडायच्या कामावर बसायचे. फुंकून फुंकून त्यांचे गाल आत गेले आहेत असं अक्का म्हणायची, आणि हसायची. दाजी मुळातच कमी बोलायचे. आमच्याकडं आले की गिरणीच्या दारात उभे राहून आबांना हात जोडायचे, चहा घ्यायचे, आणि अक्का जे काय सांगत असेल त्याला मान हलवायचे. मी आणि ते एका खोलीत असलो तर दोघांनाही घाम फुटायचा. अक्का म्हणायची, दोन मुकी एका ठिकाणी बसवली तर घड्याळाचा आवाज तरी ऐकू येईल. तिला घरात शिरताना आधी हाक मारायची सवय होती. बोळाच्या टोकापासूनच, "आलो गं मी!" आमच्याकडं बायकाही आलो, गेलो असंच म्हणतात. गिरणी चालू असली तरी तिची हाक आत ऐकू यायची.

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं आली. आईनं शेपू, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, सगळी तयारी केली होती. मुलगी झाली. अक्का दवाखान्यातून घरी आली, आठवडाभर चांगली होती, मग ताप चढला आणि उतरलाच नाही. पुन्हा दवाखान्यात नेली. त्याबद्दल मला अधिक लिहिता येत नाही. डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले आणि कुणालाच ते टाकता आले नाहीत, खाताही आले नाहीत.

दिवसकार्याला हुपरीची माणसं आली. गिरणी बंद होती. पुढच्या खोलीतली पोती हलवून सतरंजी टाकली होती. जेवणं झाल्यावर दोन्हीकडची थोरली माणसं बसली. एका बाजूला अक्काची सासू आणि तिच्याकडच्या बायका, दुसऱ्या बाजूला आत्ती आणि आमच्या भावकीतल्या. दाजी दाराशी भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. विषय बाळाचा होता. सासू म्हणत होत्या, आमच्या घरात बघायला बाई कोण हाय, मी ही अशी गुडघ्यानं अधू. आत्ती म्हणत होती, लेकरू तुमचं, रक्त तुमचं, आमी किती दिवस पुरणार. दोघीही वाईट नव्हत्या. दोघींनाही बाळ नको होतं असंही नाही. पण आधी कुणी होय म्हणायचं, यावर सगळं अडलं होतं. बाळ सतरंजीच्या मधोमध गोधडीवर ठेवलं होतं.

आणि ते रडायला लागलं. आई आत भांडी घासत होती. मी मागं, बायकांच्या पाठीशी, उंबऱ्याला बसले होते. मला वाटलं, आता कुणीतरी उचलेल. सासूंनी आत्तीकडं बघितलं. आत्तीनं सासूंकडं बघितलं. बाकीच्या बायकांनी पदर सारखे केले. बाळाचा आवाज चढला, मग त्याचा श्वास अडकल्यासारखा झाला. मी उठले, बायकांच्या मधून गेले, बाळ उचललं आणि गार लागू नये म्हणून पदराखाली घेतलं. साडी नेसायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. पदर नीट सावरता येत नव्हता, त्याचीच मला लाज वाटत होती. त्या क्षणी जे मुद्दाम हात आखडून बसले होते त्यांना उचलण्याचा अर्थ माहीत होता. मला नव्हता. मग आत्ती मोठा श्वास सोडून म्हणाली, "घेतलं बघा पोरीनं पदरात. आपणहून."

हुपरीच्या सासूंनी डोळ्याला पदर लावला. एकीनं माझ्या कपाळाला हात लावून बोटं मोडली. मला वाटलं, बाळ गप्प झालं म्हणून त्यांना बरं वाटलं. मी त्याला घेऊन आत गेले आणि दूध कोमट केलं.

चार दिवसांनी दळण घेऊन आलेली एक बाई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो. मग दुसरी म्हणाली. मग मला कळायला लागलं की त्या दिवशी मी बाळाबरोबर दाजींनाही घेतलं होतं. आत्ती पेठेत सगळ्यांच्या घरी जाऊन सांगत होती. पहिल्यांदा सांगताना मी फक्त बाळ उचललं होतं. पुढच्या वेळी मी म्हणाले होते, माझ्या अक्काचं लेकरू मी सांभाळते. आणखी काही दिवसांनी मी सासूंच्या पाया पडून म्हणाले होते, मला तुमच्या घरात घ्या. ते वाक्य आत्ती इतकं सुंदर सांगायची की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. मी तिला अडवायला तोंड उघडायची, तर ती म्हणायची, लाजू नकोस, चांगलंच बोललीस तू. एके दिवशी मी भाकरी थापत असताना मला खरंच वाटायला लागलं की मी असं म्हणाले असेन. गिरणीचा आवाज नव्हता त्या दिवशी, नाहीतर म्हटलं असतं की आवाजात हरवलं. आजही कुणी मला शपथेवर विचारलं तर मी बाळ उचललं एवढंच सांगेन. बाकीचं मला माहीत नाही.

लग्नाची बोलणी भराभर झाली. घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. म्हणून सगळ्यांना घाई होती. मला सांगण्यात आलं की दाजींनीच आत्तीकडं शब्द टाकलाय, मंगलला, म्हणजे मला, द्या म्हणून, आपणहून. ते ऐकून मला त्यांची भीती वाटायला लागली. अक्काची चप्पल अजून आमच्या दारात होती. माणूस इतक्या लवकर कसं विचारतो? पण मी नको म्हटलं तर बाळ हुपरीला जाणार, आणि दाजींना दुसरी बायको येणार, आणि ती कशी असेल कुणाला ठाऊक. बाळाला तोपर्यंत माझी सवय झाली होती. मला त्याची झाली होती. त्याला गिरणीच्या आवाजातच झोप लागायची, गिरणी थांबली की ते दचकून उठायचं. मी रात्रंदिवस एकच हिशेब घालत होते आणि तो कुठूनही धरला तरी जुळत नव्हता. मला लग्न नको होतं का? मला ते माहीत नव्हतं. मला बाळ हवं होतं का? होतं. पण हवं होतं म्हणून उचललं, की रडत होतं म्हणून उचललं, की दुसरं कुणी उचललं नाही म्हणून? मास्तरांना विचारावंसं वाटायचं. पण काय विचारणार?

आबा त्या दिवसांत माझ्याशी फारसं बोलत नव्हते. एकदा टाकी लावताना मी पेपर वाचत होते आणि कुठल्या तरी बातमीत पुन्हा उत्स्फूर्तपणे आलं. मी अडखळले. आबांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि परत ठोकायला लागले.

दाजी रविवारी बाळाला बघायला यायचे. हुपरीहून एसटीनं, दुपारच्या सुमाराला. त्या रविवारी ते आले तेव्हा गिरणी भरात होती. रविवारी सगळ्यांना वेळ असतो, त्यामुळं डब्यांची रांग दाराबाहेर गेलेली. आबा वर, धान्य ओतायच्या पेटीपाशी. मी खाली, पिशवीतून पडणारं पीठ डब्यात भरत होते. आई आणि आत्ती स्वयंपाकघरात, बाळ आतल्या खोलीत झोपलेलं. दाजींनी आबांना हात जोडले आणि नेहमीसारखे आत न जाता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात लहान चांदीचे वाळे होते, कागदात गुंडाळलेले. त्यांनी काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. ते वाकले आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, तू आत्तीला असं का सांगितलंस?

मी हातानं विचारलं, काय?

ते जे सांगत होते ते मला तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं. पट्ट्याच्या फटक्यात एक शब्द यायचा, दुसरा जायचा. त्यांना लग्न करायचं नव्हतं. इतक्यात तर नव्हतंच. त्यांना अजून माडीवर अक्काच्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटतात. पण तू आपणहून माझ्या आईच्या पाया पडलीस, तू शब्द टाकलास, मग तुला नको म्हणून तुझी अब्रू कशी घालवू? असं ते ओरडून सांगत होते, आणि ओरडायची सवय नसल्यानं त्यांचा गळा फाटत होता. माझ्या हातातलं पीठ डब्याबाहेर पडायला लागलं. मी मान हलवली, हात हलवले. नाही, नाही, तुम्हीच विचारलंत, असं मला सांगायचं होतं. पण त्यासाठी माझ्याकडं खूण नव्हती. बारीकला खूण होती, जाडला होती, याला नव्हती. ते म्हणाले, ऐकू येईना, मोठ्यानं बोल. आणि मी सगळा जीव एकवटून ओरडले.

त्याच वेळी लाईट गेली. तेव्हा लोडशेडिंगचा नेम नसायचा. मोटारीचा आवाज गळपटला, पट्टा सैल पडला, दगड घरघरत एक-दोन फेरे फिरून गप्प झाले. पण माझं वाक्य अर्ध्यावर होतं, ते थांबेना.

"मी तसं म्हणालोच न्हाय! तुम्ही इचारलं म्हणून सांगितलं मला! मला कुणी इचारलंच न्हाय!"

सगळी रांग माझ्याकडं बघत होती. पीठ हवेत हळूहळू खाली बसत होतं. दारातली एक काकू, जिनं मला लहानपणापासून बघितलं होतं, डबा कमरेवर तसाच धरून म्हणाली, "एवढा आवाज हाय व्हय गं तुला?" मागं कुणीतरी हसलं, आणि हसणारीला कुणीतरी दाबलं. मला वाटलं, दगड पुन्हा फिरावेत आणि मला आत ओढून घ्यावं.

आबा वरून उतरले. त्यांच्या पापण्यांवर पीठ होतं. त्यांनी आधी दाजींकडं बघितलं. दाजी म्हणाले, तिचं बरोबर हाय मामा, मी इचारलेलं न्हाय, मलाबी कुणी इचारलेलं न्हाय. तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ उठलं. गिरणी थांबली की ते उठणारच. मी हलायच्या आत दाजी आत गेले आणि बाळाला घेऊन आले. त्यांना नीट धरता येत नव्हतं. मान सावरता सावरता त्यांच्या हातातला कागद खाली पडला आणि वाळे पिठात गेले.

आत्ती स्वयंपाकघरातून आली ती हात पुसतच. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं मला दंडाला धरलं आणि विचारलं, कुणी शिकवलं तुला? मास्तरांनी? आईनं? मग रांगेकडं बघून, ह्यातल्या कुणी? "हिच्या तोंडात शब्द कुणी घातले, सांगा मला. ही पोरगी आपणहून बोलणारी न्हाय."

आबा पोत्यावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "लेकरू घेतलं ते आपणहून. आणि आता बोलली ते शिकवलेलं. असं व्हय?"

आत्तीच्या हातातला माझा दंड सुटला. आबा माझ्याकडं वळले. विचारायचं राह्यलंच होतं, आता विचारतो, म्हणाले. काय हाय तुझ्या मनात? सगळी रांग ऐकत होती, कुणी जायला तयार नव्हतं. मी मनात बघितलं. खरंच बघितलं, जसं धान्याच्या पेटीत वाकून बघावं तसं. तिथं मला अक्का दिसली, बाळ दिसलं, दाजींचे आत गेलेले गाल दिसले. होय दिसलं नाही आणि नाहीही दिसलं नाही.

"म्हाईत न्हाय," मी म्हणाले.

आत्ती म्हणाली, म्हाईत न्हाय म्हंजे काय? एक तर व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण. हुपरीला मी काय सांगू? दाजी बाळाला खांद्यावर घेऊन उभे होते. ते म्हणाले, सांगा की त्यालाबी म्हाईत न्हाय म्हणून. काकूनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, लाईट काय येत न्हाय आता, पण मी थांबतो.

लग्न थांबलं. हुपरीच्या सासूंना राग आला, तो बराच काळ राहिला. आत्तीनं तर बोलणंच टाकलं आणि टाकलं हे सांगायला दर आठवड्याला येत राहिली. पेठेत दोन महिने त्याचीच चर्चा होती. एक बाई म्हणायची, पोरगी शहाणी निघाली. दुसरी म्हणायची, डोक्यावर परिणाम झालाय. मला दोन्ही खरं वाटायचं. वर्ष उलटलं, म्हणजे रीतीप्रमाणं तीन वर्षं थांबणं आलं. त्या तीन वर्षांत दाजी रविवार चुकवायचे नाहीत. बाळाला मी नाचणीचं सत्त्व भरवायची आणि ते तिला अंगणात चालायला शिकवायचे. आम्ही दोघं फार बोलायचो असं नाही. पण एखाद्या रविवारी बोलायचोही. माडीवरच्या कामाचं, दळणाच्या भावाचं, अक्काचं. अक्काचं बोलताना पहिल्यांदा त्यांना हसू आलं, त्या दिवशी ते गेल्यावर मला अंगणात उगीचच फेऱ्या माराव्याशा वाटल्या. ते कशानं, ते मी तेव्हाही समजून घेतलं नाही.

माझी मुलगी, म्हणजे अक्काची, आता स्वतः दोन मुलांची आई आहे. तिला हे सगळं माहीत आहे आणि तरी ती अधूनमधून विचारते, मग शेवटी कुणी विचारलं कुणाला? मी सांगते, त्यांनी. तिचे बाबा सांगतात, हिनं. आम्ही दोघंही खरं सांगत असतो. म्हणून इथं एकदा नीट लिहून ठेवते.

तीन वर्षं सरली होती. पावसाची उघडीप होती, दुपार उतरणीला आलेली. गिरणीत दगडाला टाकी लावून आबा आत आडवे झाले होते. मुलगी अंगणात पिठात बोटं बुडवून भिंतीवर ठसे उठवत होती. दाजी एसटीला निघाले, चप्पल घातली, बोळात चार पावलं गेले आणि परत वळले. दारात येऊन उभे राहिले. मी उंबऱ्यात तांदूळ निसत होते. त्यांनी घसा साफ केला.

"मंगल," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरला. मी हाकेला ओ दिली नव्हती, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. कान तापले. सूप हातात तसंच राहिलं.

"मी तर अजून काय इचारलंच न्हाय," ते म्हणाले.

"मग इचारा की," मी म्हणाले.

आणि मग त्यांनी विचारलं.